टाकीतलं पाणी स्वच्छ होतं

४,७७,३०० रुपये. टाकीत मासे वाढवायच्या धंद्यात फसवणाऱ्यांनी माझ्याकडून एवढे काढले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण नातेवाइकांत तो कधी तीन लाख होतो, कधी दहा. ताडपत्रीच्या चार टाक्या, एअर पंप, पाइप असं पॅकेज ३,६०,०००. तिलापिया माशाचं बीज, म्हणजे पिल्लं, सहा हजार नग, सात रुपयांनी ४२,०००. ‘लायसन्स आणि सबसिडीची फाइल’ २८,५००. खाद्याच्या २४ गोण्या, १,९५० ला एक, म्हणजे ४६,८००. शेड, इन्व्हर्टर आणि राखणीच्या पोराचा पगार यात धरलेला नाही. तो माझा मूर्खपणा, त्यांची चोरी नव्हे.

मी अडाणी नाही, हेही लिहून ठेवतो. पीथमपूरच्या कारखान्यात २६ वर्षं क्वालिटीत काढली. दुसऱ्यांच्या बॅच नापास करायचा पगार घेतला. व्हीआरएस घेतली तेव्हा हातात पैसे होते, देपालपूरकडे वडिलांची दीड बिघा जमीन होती, आणि सोयाबीनचे भाव तुम्हाला ठाऊकच आहेत. आमच्या घरात मासा शिजत नाही. पण ‘विकायचाच आहे ना, खायचा कुठे आहे’ असं बायको म्हणाली आणि मला तेवढं पुरलं.

माणूस गणेशोत्सवात मंडळातच भेटला. तिशीचा, स्वच्छ मराठी, पाया पडून बोलणारा. “काका, बाहेरच्यांशी धंदा करतोच, पण आपल्या माणसाला पुढे आणायचंय.” होळकरांच्या काळापासून आपण इंदूरला आहोत, तरी कुणी मराठीत ‘काका’ म्हटलं की परमुलखात भेटल्यासारखे विरघळतो. योजना नेहमीचीच: टाक्या आम्ही उभ्या करू, बीज आमचं, खाद्य आमचंच घ्यायचं, आणि सहा महिन्यांनी माल १२० रुपये किलोनं आम्हीच उचलू. पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मी नाही ओळखलं.

आता ते, ज्यावरून मला अजून रात्री झोप येत नाही.

जानेवारीत त्यानं ‘आपला मॉडेल फार्म’ दाखवायला सांवेर रस्त्याला नेलं. सकाळचे आठ, मी स्वेटर-मफलरमध्ये. वाटेत पोहे-जिलबी त्यानंच खिलवली. टाक्या झकास, मासे तळहातापेक्षा मोठे. मी वाकून पाहिलं तर तळाची निळी ताडपत्री दिसत होती. तिच्या घड्यासुद्धा. मासे तळाशी गप्प पडलेले, एकेकाचे पंख मोजता आले असते.

टाकीत मासे वाढवायच्या या पद्धतीला बायोफ्लॉक म्हणतात. ज्यानं तिचा एक व्हिडिओ पाहिलाय त्याला हे कळतं. मी चाळीस पाहिले होते. बायोफ्लॉकचं पाणी दाट चहासारखं तपकिरी असतं. गूळ घालून त्यात जिवाणू वाढवायचे, ते माशांच्या घाणीतला अमोनिया खातात, त्यांचे गोळे बनतात आणि मासे ते गोळे खातात. सगळी गंमत त्या गढूळपणात आहे. तळ दिसला, याचा अर्थ तिथं काही शिजतच नव्हतं. मासे आदल्या रात्री कुठून तरी जिवंत आणून सोडले होते. मी विचारलंही, “पाणी एवढं साफ कसं?” तो हसून म्हणाला, “काका, आज तुम्ही येणार म्हणून बदललं.” आणि मला, क्वालिटीवाल्याला, तो आपला मान वाटला! पाहुणा येणार म्हणून घर झाडावं तसं पाणी बदललं, असं मी घरी कौतुकानं सांगितलं.

बरं, मासे सुस्त का, तर “थंडीत आराम करतात.” हे मात्र खरं आहे. तिलापिया उष्ण पाण्यातला मासा, थंडीत खाणंच सोडतो, फार गारठला तर मरतो. मग इंदूरच्या जानेवारीत याचा माल सहा महिन्यांत कसा तयार होतो, हा प्रश्न तिथंच पडायला हवा होता. मला जिलबी गोड लागत होती.

बीज मार्चअखेर रात्री अकराला आलं, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत. ‘गिफ्ट तिलापिया, मोनोसेक्स’, म्हणजे सुधारित जातीचे आणि सगळे नर, असं सांगितलं होतं. नरच का, तर माद्या असल्या की हा मासा वाढायच्या ऐवजी पिल्लंच काढत बसतो. हॅचरीचं, म्हणजे बीज जिथं तयार होतं तिथलं, बिल मागितलं, तर “सकाळी व्हॉट्सॲप करतो.” ती सकाळ अजून व्हायची आहे. बिलाशिवाय बीज टाकीत उतरवू देऊ नका. गाडी परत गेली तर जाऊ द्या.

जूनमध्ये पोरानं जाळीत एक मासा धरला. जेमतेम सत्तर ग्रॅमचा, गाल फुगलेले. त्यानं अंगठ्यानं जबडा दाबला आणि तोंडातून मोहरीएवढी पिवळी अंडी त्याच्या तळहातावर ओघळली. तिलापियाची मादी अंडी तोंडात सांभाळते. “साहब, ये तो माँ है,” पोरगा म्हणाला. टाकीच्या कडेला बघितलं तर पिल्लांचे थवेच्या थवे. फोन लावला, बंद. त्याचं विजयनगरचं ऑफिस गाठलं, तिथं कोचिंग क्लास. ऑगस्टमध्ये शेवटी ३१० किलो बारका माल व्यापाऱ्यानं ३८ रुपयांनी उचलला. ११,७८० मिळाले.

आता आपल्या रक्षणासाठी बसलेल्यांबद्दल. ठाण्यात चार चकरा. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी, “अंकल, ॲग्रीमेंट है ना? तो ये सिविल मैटर है.” म्हणजे चोरानं कागद केला की चोरी संपली! तिसऱ्या दिवशी सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, मोठी रक्कम चेकनं दिलीत, आमच्यात बसत नाही. चौथ्या दिवशी अर्ज घेतला, पोच दिली नाही. हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तर अकराव्या दिवशी मेसेज: तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले. कुणाचं समाधान झालं? माझं तर नाही.

आणि माशांच्या खात्याच्या कार्यालयातला प्रसंग तर सोनेरी फ्रेममध्ये लावण्यासारखा. तक्रार वाचून साहेबांनी मलाच विचारलं, “तिलापिया पाळायची परवानगी कुठंय?” १९५२ ला हा मासा देशात आणला, १९५९ ला त्याच्यावर बंदी आली, २००९ च्या नियमांनुसार नोंदणी करून, मान्य हॅचरीचं बीज घेऊनच पाळता येतो, हे त्यांनी मला पंचवीस मिनिटं ऐकवलं. एवढी माहिती असलेल्या माणसाला शहरात वर्षभर चाललेलं दुकान दिसलं नाही. मी त्या २८,५०० चं ‘लायसन्स’ काढून दाखवलं. त्यांनी शिक्का पाहिला आणि म्हणाले, असा शिक्का आमच्याकडे नाहीच. मग कर्मचाऱ्याला सांगितलं, यांचा पत्ता लिहून घ्या. फसवणाऱ्याचा नव्हे, माझा.

सबसिडीचंही ऐका. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण माणसाला ४० टक्के, महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०, हे खरं आहे. म्हणूनच त्यानं “काकूंच्या नावावर टाका” म्हटलं. न सांगितलेली गोष्ट अशी, की आधी मंजुरी, मग काम, मग तपासणी आणि शेवटी पैसे. मंजुरीच्या आधी टाक्या उभ्या केल्यात तर सबसिडी विसरा. आगाऊ सबसिडी देणारा कुणी नसतो. बायबॅकवाला, म्हणजे ‘माल आम्हीच उचलू’ म्हणणारा, भेटला तर एवढंच विचारा, गेल्या वर्षी कुणाचा माल घेतला, बँकेतली नोंद दाखव. यूपीआयनं पैसे गेले असतील तर हे वाचणं सोडा, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

ग्राहक आयोगात गेलोय. समोरच्याचा वकील म्हणतो, हा व्यापार होता, तुम्ही ग्राहक नाही. माझा म्हणतो, स्वतःच्या पोटापाण्यासाठी केलेला स्वयंरोजगार कायद्यात ग्राहकातच धरतात. पुढची तारीख फेब्रुवारीची आहे.

एक गोष्ट मी बायकोलाही उशिरा सांगितली. एप्रिलमध्ये, सगळं छान वाटत असताना, तो चार जणांना आमच्या शेतावर घेऊन आला होता. उज्जैनचे लोक. मी चहा केला, टाक्या दाखवल्या, “माणूस चांगला आहे, बिनधास्त करा” म्हटलं. त्या बदल्यात पुढची गोणी पन्नास रुपयांनी स्वस्त देतो म्हणाला होता, दिली नाही. त्यातल्या दोघांनी पैसे भरले. एकाचा फोन परवाही आला होता. मी उचलला नाही.