दहापट हँड लेन्स : दख्खनच्या खडकांवर पारखलेले भिंग

पुण्याच्या बाजारातून घेतलेली, २१ मिलिमीटर व्यासाची आणि दहापट मोठे दाखवणारी ट्रिप्लेट हँड लेन्स मी बऱ्याच काळापासून सह्याद्रीतल्या आणि देशावरच्या खडकांवर वापरत आहे. खडकांचा अभ्यास हौसेने सुरू करू पाहणाऱ्याने हातोडीच्याही आधी ही वस्तू घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रिप्लेट म्हणजे तीन भिंगे एकमेकांना चिकटवून केलेले एक भिंग. एकेरी भिंगातून पाहताना कडेला रंगीत झालर दिसते आणि सरळ रेषा वाकतात. खनिजाचा रंग आणि स्फटिकाची कड यांवरूनच ओळख पटवायची असल्याने हे दोन्ही दोष नडतात. म्हणून घेण्यापूर्वी दुकानातच आलेखाचा कागद भिंगाखाली धरून पाहावा. माझ्या भिंगातून मिलिमीटरच्या रेषा जवळजवळ कडेपर्यंत सरळ आणि स्वच्छ दिसल्या. त्याच आकाराच्या स्वस्त भिंगांवर ‘तीसपट’ असा शिक्का सर्रास असतो, त्याला भुलू नये. दहापट भिंगाखाली वस्तू सुमारे अडीच सेंटिमीटरवर स्पष्ट दिसते, तर खऱ्या तीसपट भिंगासाठी ती एका सेंटिमीटरच्याही आत आणावी लागते. तेव्हा तीसपट म्हणवणारे भिंग अडीच सेंटिमीटरवरच स्पष्ट दाखवत असेल, तर तो आकडा खोटा आहे असे खुशाल समजावे.

या भिंगाचा खरा कस लागतो तो काळ्या कातळावर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून साचलेले दख्खनचे बेसॉल्ट दुरून एकसारखेच वाटतात, पण मंचर परिसरात सापडणाऱ्या एका थरात प्लेजिओक्लेज या खनिजाचे लांबट, पांढरट स्फटिक नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. ताज्या फोडीवरचा असा एखादा स्फटिक भिंगाखाली धरून उजेडात किंचित फिरवला, की त्याच्या चकाकत्या पृष्ठावर केसासारख्या बारीक समांतर रेघा उमटतात, आणि या रेघा दिसल्या की प्लेजिओक्लेजची ओळख पक्की होते. एवढे मोठे स्फटिक लाव्हा पृष्ठभागावर येऊन निवताना वाढत नाहीत. ते आधीच जमिनीखाली, शिलारसाच्या, म्हणजे वितळलेल्या खडकाच्या, साठ्यात वाढलेले असतात. सह्याद्रीतील खडकांची इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर अशी जी शैलसमूहांची विभागणी संशोधकांनी केली आहे, तिच्या सीमा ठरवताना अशा स्फटिकांचे थर खुणेसारखे वापरले गेले, हे ठाऊक असले म्हणजे त्या रेघांचे मोल कळते.

बेसॉल्टमधल्या पोकळ्यांवर तर हे भिंग फारच उत्तम चालते. भिंतीला लागून सेलाडोनाइटचा हिरवा मुलामा, त्यावर ह्यूलँडाइट किंवा पेंढीसारखा पसरलेला स्टिलबाइट आणि कधी त्यांच्यावर ॲपोफिलाइटचे काचेसारखे टोकदार स्फटिक, असा क्रम दिसतो. जे भिंतीजवळ ते आधीचे, एवढ्या साध्या नियमाने त्या पोकळीत कोणते खनिज कधी वाढले हे जागच्या जागी वाचता येते, आणि नमुना फोडून घरी आणण्याची गरजही उरत नाही.

गाळाच्या थरांवर मात्र दहापट भिंगाची मर्यादा लवकर उघड होते. वाळूचा सर्वांत बारीक कण ०.०६ मिलिमीटरच्या आसपास असतो. तोपर्यंतचे दाणे सुटे ओळखू येतात, त्याहून बारीक पोयटा नाही. जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या गाळात ज्वालामुखीय राखेचा प्रसिद्ध थर आहे. ती राख दख्खनच्या उद्रेकांची नव्हे. ती सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची असल्याचे बहुतेक संशोधक मानतात. ती सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या, यावर मात्र दीर्घकाळ वाद झाला, आणि त्याच परिसरात अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्याने या वादाला फार महत्त्व आले. या राखेवर माझ्या भिंगाने फिकट भुकटी आणि अधूनमधून चमक, एवढेच दाखवले. राखेतल्या ज्वालामुखीय काचेच्या वक्र कपच्या ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि वयाचा निर्णय प्रयोगशाळेतच होतो. ज्यांना मुख्यतः राख आणि बारीक गाळ अभ्यासायचा आहे, त्यांची या खरेदीने निराशा होईल.

घडणीतही उणिवा आहेत. झाकणाचा खिळा वापराने सैल होतो आणि तो आवळण्यासाठी बारीक पेचकस जवळ ठेवावा लागतो. चकचकीत चौकट उन्हात डोळ्यांवर तिरीप मारते. काळ्या रंगाची मिळाली तर तीच घ्यावी. कोकणात पावसाळ्यात भिंग ओल्या पिशवीत राहिले तर काचेवर बुरशी धरते, म्हणून ते पुसून कोरड्या डबीत ठेवणे आवश्यक आहे.

वापरताना भिंग वर्तमानपत्रावर धरतात तसे दूर न धरता डोळ्याला जवळजवळ टेकवावे, दगड त्याच्याकडे आणावा आणि पाहायच्या पृष्ठावर ऊन पडेल असे उभे राहावे. दोरी ओवायला कडी नसलेले भिंग घेऊ नये, कारण कड्यावर हातातून निसटलेले भिंग पुन्हा सापडत नाही.