ऑस्ट्रेलिया रेल्वेने ओलांडताना : इंडियन पॅसिफिक की घॅन?

ऑस्ट्रेलिया खंड एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत आलिशान शयनयान गाडीने ओलांडायचा, असे ठरवले की दोन नावे समोर येतात. सिडनी ते पर्थ ही इंडियन पॅसिफिक ४,३५२ किलोमीटर पूर्व-पश्चिम धावते आणि तिच्यात तीन रात्री काढाव्या लागतात. अ‍ॅडलेड ते डार्विन ही घॅन २,९७९ किलोमीटर दक्षिणोत्तर जाते व तिला दोन रात्री पुरतात. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या असून त्यांचे वर्ग, जेवण आणि सेवा जवळपास सारखीच आहे. त्यामुळे सुखसोयींची तुलना करत बसण्यापेक्षा खिडकीबाहेर काय पाहायचे आहे, याचाच विचार आधी करावा.

घॅनच्या वाटेवर प्रदेश झपाट्याने पालटतो. दक्षिणेकडची गव्हाची शेते मागे पडतात, सकाळी जाग येते तेव्हा लाल माती दिसू लागलेली असते, आणि खंडाच्या मध्यावरचे अ‍ॅलिस स्प्रिंग्ज शहर ओलांडून उत्तरेकडे गेल्यावर हळूहळू उष्ण कटिबंधातली हिरवी झाडी येते. कॅथरीन या गावी उतरून निटमिलुकच्या दरीत होडीने फिरता येते. नावाचा इतिहासही आपल्याला परका वाटू नये असा आहे : हे नाव 'अफगाण' उंटवाल्यांवरून आले, आणि त्या उंटवाल्यांत आजच्या भारत-पाकिस्तानच्या प्रदेशांतून गेलेली माणसेही होती. १९२९ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पोहोचलेली जुनी अरुंद लोहवाट पुरात वारंवार वाहून जात असे, म्हणून १९८० साली पश्चिमेकडून नवा मार्ग टाकण्यात आला. डार्विनपर्यंत गाडी जायला मात्र २००४ साल उजाडावे लागले.

इंडियन पॅसिफिकचे मोल निराळे आहे. ब्लू माउंटन्सचा घाट आणि ब्रोकन हिलचे खाणगाव पाहून झाल्यावर, अ‍ॅडलेडनंतर, गाडी नलारबोरच्या पठारावर येते. 'नलारबोर' हा शब्द स्थानिक भाषेतला वाटतो, पण तो लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ 'एकही झाड नाही'. खाली चुनखडी असल्यामुळे पावसाचे पाणी वर टिकत नाही, म्हणून झाडे नाहीत. याच पठारावर ४७८ किलोमीटर लोहमार्ग एकही वळण न घेता जातो, आणि एवढा सरळ पट्टा जगात दुसरा नाही. कुक या जवळजवळ ओस पडलेल्या रेल्वे वसाहतीत गाडी थांबते. तिथे पूर्वी शाळा होती, रुग्णालय होते. आज रुळांजवळ पत्र्याच्या दोन लहानशा कोठड्या उभ्या दिसतात, त्या एके काळी तुरुंग म्हणून वापरल्या जात. उतरून रुळांच्या कडेला उभे राहिले की चारी दिशांना क्षितिज सपाट दिसते. या पाहण्याला सवड लागते. ज्याला दर दोन तासांनी काही तरी घडावे असे वाटते, त्याने या गाडीत बसू नये. खिडकीशी शांत बसण्यात ज्याला आनंद आहे, त्याला मात्र मी हीच गाडी सुचवीन.

ऋतूचा विचार घॅनसाठी अधिक करावा लागतो. डार्विनला साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा असतो, त्यामुळे जून ते ऑगस्ट हा काळ सोयीचा; अ‍ॅलिस स्प्रिंग्जला त्या दिवसांत रात्री पारा शून्याखालीही जातो, तेव्हा स्वेटर हाताशी ठेवावा.

ऑस्ट्रेलियात मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांसाठी तिकीट काढताना वर्गाकडे नीट लक्ष द्यावे. गोल्ड वर्गाच्या दोघांच्या खोलीत दिवसा सोफा असतो आणि आपण जेवायला गेलो की कर्मचारी खाली-वर दोन बिछाने घालून ठेवतात. वरच्या बिछान्यावर शिडीने चढावे लागते. गुडघे दुखत असतील तर प्लॅटिनम वर्गच घ्यावा, कारण तिथे शिडी चढावी लागत नाही आणि खोलीही मोठी असते. गोल्डच्या एकट्याच्या खोलीला स्वतःचे स्नानगृह नसते. मोठे सामान वेगळ्या डब्यात जाते, म्हणून औषधे व रात्रीचे कपडे लहान पिशवीत घ्यावेत, आणि शाकाहारी जेवणाची सूचना आरक्षणाच्या वेळीच द्यावी. जेवण, पेये व वाटेवरच्या सहली भाड्यात धरलेल्या असतात. तरीही ते भाडे विमानाच्या कितीतरी पट असते.

सिडनीतच मुक्काम असेल आणि एकदाच जायचे असेल, तर मी इंडियन पॅसिफिक धरून पर्थला जाईन आणि परतीला विमान घेईन.