क्रूस पाटीवर की टेबलावर?

भाची दोन पाट्यांची चित्रं मोबाइलवर घेऊन आली. एकीवर ‘शालोम’, शेजारी कबुतर आणि बारीकसा क्रूस. दुसरीवर नुसतं ‘रेघ’. “मावशी, कुठली करायला टाकू?” वसईत स्टेशनपासून जरा आत तिला गाळा मिळालाय. सुलेखनाचा हात चांगला आहे, लेझर कटिंगचं मशीन हप्त्याने घेतलंय. पत्रिका, फ्रेमा, लाकडी नावपाट्या, नाताळच्या चांदण्या असं काम करायचं आहे. मी या धंद्यात तेवीस वर्षं काढली. पहिली सहा पहिल्यासारख्या पाटीखाली, उरलेली दुसरीसारख्या. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. एक पाटी श्रद्धेची आणि दुसरी बिनश्रद्धेची, असा हा प्रश्न नाही. पहिल्या रस्त्यात मालच ख्रिस्ती असतो: वचनांच्या फ्रेमा, बाप्तिस्म्याच्या मेणबत्त्या, फर्स्ट कम्युनियनची कार्डं, मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, पुस्तिका. गिऱ्हाईक मुख्यतः आपल्या धर्मग्रामांतलं, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतलं. दुसऱ्यात माल सगळ्यांचा, पण मालकीण कोण हे झाकलेलं नाही. टेबलावर क्रूस असतो, रविवारी शटर खाली असतं आणि एखादं काम का घेत नाही असं कुणी विचारलं तर कारण सरळ सांगायचं. श्रद्धा घरी ठेवून धंदा करणं हा तिसरा रस्ता झाला. तो ज्याला हवा त्याने हे वाचायची गरज नाही.

नावापासून सुरुवात करू. ‘शालोम’, ‘बेथेल’, ‘एबेनेझर’ असं बायबलमधलं नाव वाचलं की दुकान कुणाचं ते कळतं. आपला माणूस आत येतो, बाहेरचा ‘चर्चचं काहीतरी असेल’ म्हणत पुढे जातो. मराठीत यांच्या मधलीही एक जात आहे. ‘कृपा’ लिहा: आपल्याला देवाची कृपा दिसते, शेजाऱ्याला साईकृपा नि गुरुकृपा आठवते, आणि दोघंही आत येतात. माझं पहिलं नाव असंच होतं, फक्त पाटीवर शेजारी क्रूस होता. वाईट काही नाही, पण ज्याला उघडपणा हवा आहे त्याच्यासाठी ते अर्धंच उघड. शिवाय असली नावं गल्लोगल्ली असतात, त्यामुळे उद्या कुणी शेजारी तेच नाव लावलं तर भांडायला फारशी जागा राहत नाही. धर्मग्रंथाचं नाव तर विसराच. ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याच्या मालकीचं करायचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मोडून काढला. तोच न्याय ‘बायबल’लाही लागेल. नावाच्या बाबतीत ‘रेघ’ सरळ जिंकते.

आता वर्षाचं गणित, कारण भाडं बारा महिन्यांचं असतं. ख्रिस्ती मालाचा हंगाम आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, आधी चढतो आणि नाताळाच्या आदल्या रात्रीपर्यंत जेवायला फुरसत नसते. पुढे लग्नं. मग राखेचा बुधवार आला, म्हणजे आपला उपवासकाळ सुरू झाला, की ईस्टरपर्यंत लग्नपत्रिका जवळजवळ बंद. ईस्टरनंतर थोडं हलतं आणि पावसाळ्यात नुसती वर्षश्राद्धाच्या मिस्साची कार्डं उरतात. पहिल्या सहा वर्षांत मी दर ऑगस्टला डिसेंबरच्या नावाने उधारी केली. दुसऱ्या रस्त्यावर दोन पंचांगं हाताशी येतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतात, आपला उपवासकाळ चालू असताना बाहेरच्या पत्रिका छापून होतात, चातुर्मासात लग्नं थांबली तरी गणपती-नवरात्राचं काम येतं. ते काम घ्यायचं की नाही, हा मोठा प्रश्न. त्याकडे येतेच.

त्याआधी ‘आपलंच काम आहे’ या वाक्याबद्दल. पहिल्या पाटीखाली हे वाक्य आठवड्यातून तीनदा ऐकू येतं. एकदा एका धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवाच्या ३०० स्मरणिका केल्या. कागद माझा, रात्री माझ्या, आणि मुखपृष्ठावरचं चर्चचं चित्र हाताने काढलेलं. सण झाला, समिती बदलली, नव्या समितीला जुन्या समितीने काय कबूल केलं होतं ते माहीत नव्हतं. पैसे चौदा महिन्यांनी आले, तेही तुटून. दर रविवारी ज्यांच्या मागच्या बाकावर बसायचं त्यांनाच बिलाची आठवण कशी करून देणार? पाटीवरच्या क्रूसाने माझा पैसे मागायचा आवाज बारीक केला होता. दोष पूर्णपणे त्यांचा नव्हता. मी स्वतःच दुकानाला सेवा म्हणत होते, मग लोकही त्याला सेवाच समजले.

पण याच पाटीने जे दिलं ते दुसरीने कधी दिलं नाही, हेही सांगायला हवं. एका रात्री दहाच्या सुमाराला शटर अर्धं खाली असताना एक बाई वडिलांचा पासपोर्ट फोटो रुमालात गुंडाळून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी दफन. कार्डावर कुठलं वचन घालायचं विचारलं तर म्हणाली, “तूच बघ गं, मला काही सुचत नाही.” योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं घेतलं, पित्याच्या घरात राहायला जागा पुष्कळ आहेत ते. फोटोतली कॉलर फाटलेली होती, ती नीट करून दिली. तिने भाव विचारला नाही, दुसरीकडे चौकशी केली नाही आणि पुढे तिच्या घरातलं प्रत्येक कार्ड माझ्याकडूनच गेलं. ‘रेघ’ नावाच्या दुकानात ती त्या वेळी शिरली असती असं मला वाटत नाही.

आता गणपती. महाराष्ट्रात ख्रिस्ती डिझायनरची खरी परीक्षा इथे होते, कारण हिंदू लग्नपत्रिकेच्या माथ्यावर बहुधा ‘श्री गणेशाय नमः’ असतंच. पहिल्या पाटीखाली हा प्रश्न येतच नाही, कारण ते गिऱ्हाईक येत नाही. दुसरीखाली पहिल्याच आठवड्यात आला. शेजारच्या गल्लीतले काका मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन बसले. मी मजकूर हाताने लिहिला आणि कार्ड मात्र गिरगावातल्या खाडिलकर रोडवरून गणपतीचा उठाव असलेलं तयार आणलं. म्हणजे गणपती मी काढला नाही, पण विकला. यात पळवाट होती हे मला ठाऊक होतं. बायबलमधल्या पत्रात पौलाने करिंथकरांना लिहिलंय की बाजारात जे मांस विकलं जातं ते, मूर्तीला वाहिलेलं आहे का अशी चौकशी न करता खा. त्याच पत्रात असंही आहे की तुझ्या खाण्याने दुसऱ्याचा विवेक दुखावत असेल तर खाऊ नकोस. अहिल्यानगरची एक मैत्रीण, प्रोटेस्टंट मंडळीतली, दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवते आणि देवदेवतांचं कुठलंच काम घेत नाही. आम्हा वसईच्या कॅथलिकांत बहुतेकांना पहिलं वाक्य पुरतं. दोघींचे धंदे चालू आहेत. फरक इतकाच की तिने आपला नियम पहिल्या दिवशीच सांगितला. मी मात्र प्रत्येक गिऱ्हाइकासमोर नव्याने अडखळत राहिले.

नकार द्यायची वेळ आली ती भलत्याच कामावर. मुलगाच होईल अशा हमखास औषधाची पत्रकं, दोन हजार, रोख पैसे. गणपतीच्या पत्रिकेवर रात्र-रात्र विचार करणाऱ्या मला हे ‘नाही’ म्हणायला अर्धा मिनिटही लागला नाही.

परदेशात हे वाद कोर्टात गेले. बेलफास्टमधल्या ॲशर्स बेकरीचं नाव उत्पत्तीच्या पुस्तकातल्या आशेरावरून ठेवलेलं. त्यांनी २०१४ मध्ये समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारा मजकूर केकवर लिहायला नकार दिला. २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: आक्षेप माणसाला नव्हता, मजकुराला होता. अमेरिकेत समलिंगी लग्नांच्या वेबसाइट करायच्या नव्हत्या अशा कोलोरॅडोच्या एका वेब डिझायनरच्या बाजूने २०२३ मध्ये ६ विरुद्ध ३ असा निकाल लागला. आपल्याकडची चौकट वेगळी आहे. राज्यघटनेच्या कलम १५(२) प्रमाणे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून कुणालाही दुकानात यायला बंदी करता येत नाही. म्हणून ‘काय करणार नाही’ची यादी कामांची असू द्या, माणसांची नको. हे दोन्ही पाट्यांना लागू.

बाहेरच्यांच्या संशयाची भीती भाचीला जास्त वाटते. पावतीमागे वचन छापलं तर कुणी त्याला धर्मप्रचार म्हणेल का? वसईत सहसा नाही. भाड्याचा गाळा दुसऱ्या शहरात असेल तर घरमालकाशी आधी बोलून घ्यावं. पण माझा अनुभव असा की जास्त ओरखडे आतूनच येतात. गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी मारियेला, म्हणजे येशूच्या आईला, साडी नेसवून रंगवलं. त्यावर नाराजी झाली ती गोव्यातल्या ख्रिस्ती मंडळींचीच, आणि फोन्सेकांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम केलं. मी एकदा गोठ्याच्या देखाव्यात नऊवारीतली मारिया केली, तेव्हा दोन आज्यांनी मला प्रेमाने बाजूला घेतलं होतं. पहिल्या पाटीखाली अशा प्रयोगाला जागा कमी असते, कारण तिथे प्रत्येक गिऱ्हाईक धर्माचा जाणकार असतो. दुसरीखाली तीच मारिया भिंतीवर लावली, तर एका हिंदू आर्किटेक्टने घेतली.

रविवारचं थोडक्यात. मिस्सानंतर लोक फिरायला निघतात आणि तेव्हाच दुकान बंद, हा तोटा दोन्हीकडे सारखा. मी तो सोसला. तुला जमत नसेल तर दुपारनंतर उघड, पण मग ‘रविवार बंद’ असं लिहू नकोस.

वचनांच्या फ्रेमा दोन्ही दुकानांत खपतात, म्हणून एक कामाची गोष्ट. चर्चमध्ये वाचलं जाणारं आजचं भाषांतर कुणाच्या तरी हक्काखाली असतं, विक्रीसाठी छापायचं तर परवानगी मागावी लागते. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क सुटतो. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, ना. वा. टिळक १९१९ मध्ये. रमाबाईंनी भाषांतर केलेलं बायबल आणि टिळकांचे अभंग कार्डावर बिनधास्त घे. आजच्या भाषांतरापेक्षा ते हाताने लिहायला जास्त रसाळ आहेत, हे माझं मत.

मग कोणती पाटी? घरात दुसरा पगार असेल, तीन-चार धर्मग्रामांत ओळख असेल आणि देवाचंच काम करायचं ही ओढ असेल, तर ‘शालोम’ लाव. मात्र पावसाळ्याचं भाडं डिसेंबरमध्येच बाजूला काढून ठेव. मशीनचा हप्ता असेल, म्हणजे भाचीसारखी गत असेल, तर ‘रेघ’. आत एक कपाट ख्रिस्ती कामाचं, टेबलावर क्रूस, आणि न घेण्याच्या कामांची यादी पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी कागदावर लिहिलेली. अर्धे पैसे आगाऊ, हा नियम कुठल्याही पाटीखाली.

“फादरांकडूनपण ॲडव्हान्स?” तिने विचारलं.

“त्यांच्याकडून आधी.”