पोरं गाडीवर की गावात?

गगनबावड्यात रात्री कुणी कोसळलं, तर कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय जवळपास ५५ किलोमीटरवर. कॉलेजच्या पोरांना प्रथमोपचार शिकवून १०८ च्या रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक म्हणून बसवावं, की आपापल्या गावातच तयार ठेवावं?

गाडीवर डॉक्टरच्या नजरेखाली हात बसतो, हे खरं. पण परीक्षा आली की पोरगं गायब!

गावातलं पोरगं मात्र श्वास थांबलेल्याची छाती गाडी येईपर्यंत दाबत राहील: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५-६ सेंटिमीटर खोल. उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेल्याचं रक्त स्वच्छ टॉवेलनं दाबून धरील. सरावात दोन मिनिटांत माझेच दंड भरून आले, म्हणून जोडी हवीच.

मी गावाच्या बाजूनं. गोची एवढीच, निम्मी पोरं शहरात खोली घेऊन राहतात. एसटीनं रोज ये-जा करणारी आधी निवडा.