"लोनवाली पार्टी नको" म्हणणारा मालक भेटला तर आधी हे वाचा (रिसेल फ्लॅट, पुणे)

घरात कोणी रिटायरमेंटचा पैसा घालून, लोन न काढता रिसेल फ्लॅट घेणार असेल तर हे त्यांना नक्की वाचायला द्या. मोठं झालंय, पण मुद्दाम सगळं लिहितोय, कारण माझ्या ताई-दाजींना ज्या पद्धतीने फसवलंय ती पद्धत वरवर कागद बघून लक्षात येत नाही आणि अशी माणसं एका गिऱ्हाइकावर थांबत नाहीत.

दाजी सांगली जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षक होते. फंड, ग्रॅच्युइटी आणि गावाकडचं थोडं रान विकून आलेले पैसे, असं सगळं मिळून पुण्यात मुलाच्या जवळ घर घ्यायचं ठरलं. चालू बांधकामात घ्यायचं तर ५ टक्के जीएसटी आणि ताबा कधी मिळेल त्याचा भरवसा नाही, म्हणून रिसेल बघायला लागलो. धायरी, नऱ्हे, वडगाव सगळीकडे फिरलो. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो रेट साडेसहावरून साडेपाचवर आणला होता, लोन स्वस्त झालं म्हणून बघायला येणारे वाढले होते आणि एजंट लोकांचं एकच चालू होतं, "आज टोकन द्या, उद्या दुसरी पार्टी उचलेल." घाई करायला लावायची हे त्यांचं नेहमीचंच, पण त्या घाईचा फायदा कोण घेतं ते आम्हाला नंतर कळलं.

धायरीत एक टू बीएचके मिळाला. बिल्डिंग जुनी, धायरी महापालिकेत यायच्या आधीची (२०१७ ला गाव पुण्यात आलं), पण सोसायटी रजिस्टर्ड, पाणी चांगलं, लिफ्ट आहे. मालक साठीच्या आसपासचे, बोलायला एकदम सभ्य, पहिल्या भेटीपासून दाजींना गुरुजी म्हणायला लागले. त्या बिल्डिंगमध्ये ६२-६३ लाख भाव चालू होता, हे ५८ ला तयार. अट एकच, लोनवाली पार्टी नको. "लोनवाले महिना-दोन महिने घोळ घालतात गुरुजी, मला मुलीकडे बेंगलोरला जायचंय, तुमचे पैसे तयार आहेत म्हणून तुम्हाला चार लाख कमी करतोय."

ही जी अट आहे ना, सगळा डाव तिच्यातच होता. लोनवाला गिऱ्हाईक आला की त्याची बँक येते, बँकेचा वकील येतो, आणि तो पहिली गोष्ट मागतो ती म्हणजे ओरिजिनल ॲग्रीमेंट. झेरॉक्स नाही, सर्टिफाइड कॉपी नाही, बिल्डरबरोबर पहिलं झालेलं, रजिस्ट्रेशनच्या पावतीसकट ओरिजिनल. तेच याच्याकडे नव्हतं. म्हणून याला असा गिऱ्हाईक पाहिजे होता ज्याच्या मागे बँक नाही.

ओरिजिनलचं विचारल्यावर म्हणाले घर रंगवायला काढलं तेव्हा फाइल हरवली, आणि लगेच पोलिसांकडची हरवल्याची नोंद दाखवली. ही नोंद पुणे पोलिसांच्या लॉस्ट अँड फाउंडवर ऑनलाइन करता येते, आपण भरलेली माहिती छापून येते, फाइल खरंच हरवली का हे बघायला कोणी येत नाही. सोबत सब-रजिस्ट्रार ऑफिसमधून काढलेली सर्टिफाइड कॉपी होती, ती खरी. पेपरात दिलेली जाहीर नोटीस होती, तीही खरी, पण कोणी वाचत नाही अशा पेपरात आतल्या पानावर दिलेली. वर जुन्या होम लोनचं नो ड्यूज, २०१९ ला कर्ज फिटल्याचं, तेसुद्धा खरंच होतं. एकही कागद खोटा नाही. खोटी होती ती फक्त हरवल्याची गोष्ट.

खरं काय झालं होतं ते सांगतो. २०१९ ला होम लोन फिटल्यावर बँकेने ओरिजिनल कागद परत दिले, ते याने नंतर दुसऱ्या एका बँकेत ठेवून पुतण्याच्या धंद्यासाठी मोठं कर्ज उचललं. स्वतः जामीनदार, फ्लॅट तारण. धंदा बसला, हप्ते थांबले, खातं एनपीएमध्ये (थकीत कर्जात) गेलं आणि बँकेने सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन वसुली करायचा बँकांचा कायदा) कलम १३(२) ची नोटीस पाठवली, साठ दिवसांत पैसे भरा म्हणून. ती नोटीस हातात पडल्यानंतर याने फ्लॅट विकायला काढला! एकदा ती नोटीस आली की बँकेच्या लेखी परवानगीशिवाय तारण मालमत्ता विकता येत नाही हे कायद्यातच आहे, आणि हे त्याला चांगलं माहीत होतं, कारण नोटिशीत तसं लिहिलेलं असतं. सोसायटीने एनओसी दिली कारण या दुसऱ्या कर्जाचं सोसायटीला कोणी कळवलंच नव्हतं.

वकील एजंटने आणून दिलेला. त्याचा सर्च रिपोर्ट (जुने दस्त तपासून मालकी आणि बोजा याबद्दल वकील देतो तो अहवाल) दीड पानाचा, टायटल क्लिअर अँड मार्केटेबल, म्हणजे मालकी स्वच्छ. सर्च रिपोर्टला सर्चची सरकारी फी भरल्याचं ग्रासचं (सरकारी पैसे ऑनलाइन भरायची साइट) चलन जोडलेलं असतं, त्याच्या रिपोर्टला ते नव्हतंच. आता आमचा जो वकील आहे त्याने पहिली तीच गोष्ट दाखवली, चलन नाही म्हणजे सर्च झालाच नाही असं धरून चाला.

खरेदीखत झालं ताईच्या नावावर. बाईमाणसाला स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलत मिळते म्हणून ७ ऐवजी ६ टक्के, म्हणजे ३ लाख ४८ हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार. व्यवहार ५० लाखांच्या वर म्हणून एक टक्का टीडीएस ५८ हजार कापून दाजींनी तोही वेळेवर भरला. सगळे पैसे आरटीजीएसने, एक रुपया कॅश नाही. ताबा मिळाला, महावितरणचं बिल नावावर झालं, टॅक्स पावती नावावर झाली, सोसायटीत पेढे वाटले. लोकांना वाटतं टॅक्स पावती नावावर आली म्हणजे घर आपलं झालं, तसं नाहीये हो, ती फक्त टॅक्स कोणाकडून वसूल करायचा त्याची नोंद आहे. आणि सब-रजिस्ट्रारसुद्धा मालकी तपासत नाही, त्याचं काम दस्त नोंदवायचं, बोजा आहे का हे बघणं घेणाऱ्यावरच असतं. "सरकारी ऑफिसात नोंदणी झाली म्हणजे सरकारने बघितलं असेलच" हा समज गावाकडून आलेल्या माणसांच्या मनात फार घट्ट असतो, आणि त्यांना लुबाडणारे याच समजावर जगतात.

काही महिन्यांनी बँकेची माणसं आली आणि दाराला ताब्याची नोटीस चिकटवून फोटो काढून गेली. ताई घरात एकटी होती. नंतर तीच नोटीस पेपरात आली, फ्लॅट नंबर, मजला, बिल्डिंगचं नाव सगळं छापून. ज्या सोसायटीत पेढे वाटले तिथले लोक लिफ्टमध्ये काय झालं म्हणून विचारायला लागले, ताईचं बीपी वाढलं, तिने कित्येक दिवस खाली उतरायचंच बंद केलं. पैशाचं तर आहेच, पण पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला लोकांनी दारावरचा कागद बघून कर्जबुडव्या समजावं याचा मला जास्त राग आहे.

आता ज्यांचा व्यवहार व्हायचाय त्यांनी काय करायचं ते, जे आम्हाला या सगळ्यात शिकायला मिळालं.

पैसे तयार असले तरी थोडं लोन काढा, पाच-सात लाखांचं का असेना. खरंच सांगतोय. बँक स्वतःचे पैसे अडकणार म्हणून टायटल आणि टेक्निकल दोन्ही तपासून घेते, आणि प्रोसेसिंग फी वगैरे धरली तरी हा खर्च ५८ लाखांपुढे काहीच नाही. नंतर लगेच फेडून टाका, फ्लोटिंग रेटच्या होम लोनला मुदतीआधी फेडायचा दंड लागत नाही. मालक लोनला नाही म्हणाला, का तर वेळ लागतो म्हणाला, तर सरळ सांगा की मी वेळेचे पैसे जास्त देतो पण बँकेकडून जाणार. तरीही नको म्हणाला तर उठून या, भाव कितीही कमी असू दे.

दुसरं, सरसाई (CERSAI) म्हणून केंद्र सरकारचं रजिस्टर आहे, बँका तारण घेतलेल्या मालमत्तांची नोंद तिथं करतात. कोणीही अगदी किरकोळ फी भरून तिथं सर्च करू शकतो. आम्ही नोटीस आल्यावर केला तर ताईचा फ्लॅट तिथं होता, बँकेच्या नावासकट. फ्लॅट नंबर, बिल्डिंगचं नाव, सर्व्हे नंबर वेगवेगळ्या पद्धतीने टाकून बघा, स्पेलिंग बदलून बघा, एकदा "रेकॉर्ड नाही" आलं म्हणून थांबू नका. खासगी सावकाराकडे कागद ठेवले असतील तर ते इथं दिसणार नाहीत, म्हणून फक्त यावरही विसंबू नका.

तिसरं, महाराष्ट्रात २०१३ पासून ओरिजिनल कागद ठेवून कर्ज घेतलं की तीस दिवसांत सब-रजिस्ट्रारकडे नोटीस ऑफ इंटिमेशन फाइल करावी लागते, ती सर्चमध्ये दिसते. आयजीआरच्या (राज्याच्या नोंदणी विभागाच्या) साइटवर ई-सर्च आहे, फुकट आहे. पण पुण्यात हवेली अमुक नंबर अशी सब-रजिस्ट्रारची दोन डझनांहून जास्त ऑफिसं आहेत आणि दस्त त्यातल्या कुठल्याही ऑफिसात झालेला असू शकतो, त्यामुळे वकिलाने एका ऑफिसात बघून क्लिअर लिहिलं तर त्याला काही अर्थ नाही. वकील तुमचा पाहिजे, एजंटचा नको, मालकाच्या ओळखीचा तर नकोच. सर्च निदान तीस वर्षांचा, आणि खरेदीखताच्या आदल्या दिवशी परत एकदा.

आणि फाइल हरवली हे ऐकलं की त्याच मिनिटाला व्यवहार थांबवायची तयारी ठेवा. खरंच हरवते कधीकधी, नाही असं नाही. मग जुन्या बँकेने कर्ज फिटल्यावर कोणते कागद कधी परत दिले त्याची यादी मागा, मालकाची पोच असलेली. बँकेकडूनच हरवले असं मालक म्हणत असेल तर बँकेचं तसं पत्र मागा, १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार द्यायचे आणि हरवले तर डुप्लिकेट काढायला मदत करायची असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. जाहीर नोटीस मालकाने दिलेली चालवून घेऊ नका, तुमच्या वकिलाने खपणाऱ्या एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात द्यावी, त्यात मालकाचं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर आणि ओरिजिनल हरवल्याचं स्पष्ट लिहावं. ज्याच्याकडे कागद गहाण आहेत त्याच्या नजरेला ती पडली पाहिजे, सगळा हेतू तोच आहे.

विकणाऱ्यांसाठीही एक सांगतो कारण आमच्याच वकिलाकडे अशी केस बसली होती. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्याशिवाय चावी देऊ नका. चेक खरेदीखतात लिहिला म्हणजे पैसे मिळाले असं होत नाही, चेक परत आला तरी दस्त झालेला असतो आणि तो रद्द करायला सिव्हिल कोर्टात वर्षानुवर्षं जातात.

आमची सध्याची परिस्थिती अशी. पोलीस स्टेशनला पहिल्यांदा हे सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवलं. मग १३(२) नोटिशीची तारीख आणि खरेदीखताची तारीख शेजारी शेजारी ठेवून वकिलाने अर्ज लिहिला, विकताना त्याला सगळं माहीत होतं हे त्यातून सरळ दिसतं, तेव्हा कुठे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. मालक बेंगलोरला नाहीतच, फोन बंद आहे, आरटीजीएसचे पैसे आले त्याच आठवड्यात वेगवेगळ्या खात्यांत गेलेत. एजंट म्हणतो मी फक्त भेट घालून दिली. डीआरटीत (बँकांच्या कर्जवसुलीच्या वादांचं न्यायाधिकरण) अर्ज केलाय आणि दुसरीकडे बँकेशी तडजोडीची बोलणी चालू आहेत, म्हणजे एकदा विकत घेतलेलं घर सोडवायला दाजींना परत पैसे उभे करावे लागणार आहेत.

ज्यांनी लोन न काढता आधीच घर घेतलंय त्यांनीही आज सरसाईवर आणि ई-सर्चवर एकदा बघून घ्या. आणि कोणाच्या दाराला आमच्यासारखी ताब्याची नोटीस लागलीच तर ती फाडू नका, बँकेच्या माणसांशी भांडू नका, तारखेसकट फोटो काढा आणि त्याच दिवशी डीआरटीचं काम करणारा वकील गाठा, कारण डीआरटीत अर्ज करायला ४५ दिवसच मिळतात आणि मूळ मालकाला शोधण्यात ते कसे निघून जातात ते कळत नाही.