आठ महिने फोटो मोड वापरून: फिल्टर राहू द्या, आधी कोन बदला

हातातला कॅमेरा मी बरीच वर्षं वापरतोय, त्यामुळे व्हिडिओ गेममधल्या फोटो मोडकडे (खेळ थांबवून आतल्या जगाचे फोटो काढायची सोय) बघून सुरुवातीला नाक मुरडलंच होतं. सूर्य हवा तिथे नेता येतो, पाऊस थांबवता येतो, समोरचा माणूस ऐन वेळी डोळे मिटत नाही. मग यात फोटोग्राफी ती काय उरली? आठ महिन्यांत दोन ओपन-वर्ल्ड (हवं तिथे फिरता येणाऱ्या) खेळांत हजारावर फोटो काढले, ठेवण्यासारखे साठेक निघाले. खऱ्या कॅमेऱ्यातही माझी सरासरी हीच आहे.

पहिले दोन महिने फुकट गेले. ग्रेन (फिल्मसारखे दाणे), व्हिन्येट (काळवंडलेले कोपरे), रंगांचे फिल्टर, सगळं चढवून पाहिलं, तरी फोटो स्क्रीनशॉटच वाटायचे. गोम होती 'फील्ड ऑफ व्ह्यू'च्या, म्हणजे कॅमेऱ्याला किती रुंद दिसतं त्या कोनाच्या स्लायडरमध्ये. खेळताना आजूबाजूचं दिसावं म्हणून हा कोन बहुधा रुंद ठेवलेला असतो. आडवा कोन ९० अंश असेल, तर फुल-फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या हिशेबात ती १८ मिलिमीटरची लेन्स झाली. तिने जवळून पोर्ट्रेट कोण काढतं? नाक पुढे येतं, कान मागे पळतात. ५० मिलिमीटरसाठी साधारण ४० अंश लागतात आणि ८५ साठी २४. आकडे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेत. फक्त एक बघा, काही खेळ उभा कोन मोजतात. १६:९ पडद्यावर आडवे ९० म्हणजे उभे साधारण ५९. या घोळात माझा एक आठवडा गेला.

किल्ल्याच्या दरवाजात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर फरक पहिल्यांदा दिसला. आधी दोन पावलांवरून काढला होता, तेव्हा मागचा दरवाजा खुराड्याएवढा दिसत होता. मग बराच मागे गेलो आणि कोन २४ वर आणला. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच राहिला, पण दरवाजा त्याच्या डोक्यावर उभा ठाकला. (खरं काम मागे सरकण्याने होतं, लेन्स फक्त कापून देते. इथेही आणि बाहेरही.)

टेलीची (अशा अरुंद कोनाच्या लांब लेन्सची) खोड म्हणजे लांबची झाडं उघडी पडतात. लांबच्या वस्तूंचे साधे मॉडेल दाखवून खेळ आपलं ओझं वाचवत असतो, आणि अरुंद कोनात ते पुठ्ठ्याचे दिसतात. मी थोडं धुकं वाढवतो. अगदीच नाइलाज झाला तर जागा बदलतो.

उजेडाबाबत मात्र जुनी सवय जशीच्या तशी चालली. सूर्य क्षितिजापासून पाच-सहा अंशांवर आणून पहारेकऱ्याच्या पाठीमागे घेतला, खांद्याला सोनेरी कड मिळाली, चेहरा काळा पडला. तो उचलायला खेळातला दिवा लावला. खऱ्या छोट्या दिव्याचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो. एका खेळात जवळपास तसंच झालं. दुसऱ्यात दिव्याला ठरावीक त्रिज्या होती आणि तिच्या काठावर उजेड सुरीने कापल्यासारखा संपला. त्यामुळे नव्या खेळात आधी कोऱ्या भिंतीवर दिवा लावून बघतो.

ॲपर्चरच्या (लेन्सचं भोक किती उघडं ते ठरवणाऱ्या; f चा आकडा जितका लहान तितकी पार्श्वभूमी धूसर) स्लायडरवर माझा विश्वास नाही. f/१.४ लिहिलेलं असलं तरी धूसरपणा तयार चित्रावर, खोलीच्या माहितीवरून फासलेला असतो. केसांच्या बटा आणि जाळीच्या कडा तिथे हमखास फाटतात. f/४ च्या आसपास थांबलेलं बरं. पाण्यातल्या प्रतिबिंबाचंही तसंच: कित्येक खेळ ते पडद्यावर जे दिसतंय त्यावरूनच बनवतात, म्हणून बुरूज फ्रेमबाहेर गेला की तळ्यातूनही गायब. माझी मोठी तक्रार फाइलची आहे. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) मिळत नाही, आणि ८ बिटच्या (दर रंगाच्या २५६ च छटा असलेल्या) चित्रात संध्याकाळचं आभाळ जरा ताणलं की पट्टे पडतात. म्हणून एक्स्पोजर तिथेच नीट करून घ्यायचं, ढग जळू (पांढरेफटक होऊ) द्यायचे नाहीत.

लाँग एक्स्पोजरचा (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढतात तशा फोटोचा) मार्ग उशिरा सापडला. फोटो मोडमध्ये काळच थांबतो, मग धबधबा रेशमी होणार कसा? तो मोड सोडून, पडद्यावरचे आकडे लपवून, पात्र एका दगडावर उभं केलं आणि माउसला हात न लावता चाळीस स्क्रीनशॉट घेतले. एडिटरमध्ये त्यांची सरासरी काढली. पाणी दुधासारखं झालं. वर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांचे चाळीस फिकट ठिपके मात्र आभाळात राहिले. पुसायला घेतले होते, मग तसेच ठेवले.