नववीला कुठे घालू? एमपी बोर्ड की सीबीएसई, प्रगतिपुस्तकाच्या अंगाने

परवा दिवेलागणीला शेजारची सूनबाई मुलाचा आठवीचा रिझल्ट घेऊन आली. "काकू, तुमच्याकडे दोन्ही बोर्डांची मुलं येतात. ह्याला नववीला कुठे घालू? हे म्हणतात सीबीएसई, सासरे म्हणतात आपलं मध्य प्रदेशचं राज्य बोर्ड, एमपी बोर्ड, काय वाईट आहे?"

राजेंद्र नगरात माझ्या घरी गणिताच्या शिकवण्या चालतात, त्यामुळे दोन्हीकडची प्रगतिपुस्तकं आणि अंकसूच्या (मार्कशीट) नजरेखालून जातात. तिची घाई मला पटली. बोर्डाकडे मुलाची नोंदणी नववीतच होते, आणि दहावीत बोर्ड बदलायचं म्हटलं की अर्ज-विनंत्यांचा घोळ सुरू होतो. फी, बस, इंग्रजी हे बाजूला ठेवून मी तिला एवढंच विचारलं, "ह्याचं गणितात कुठे अडतंय, हे तुला कोणत्या महिन्यात कळायला हवं?"

कागदावर दोन्हीकडचा हिशेब जवळजवळ सारखाच दिसतो. सीबीएसईत दहावीला प्रत्येक मुख्य विषयाचा पेपर ८० गुणांचा आणि अंतर्गत मूल्यमापन २० चं. एमपी बोर्डात पेपर ७५ चा, अंतर्गत २५. पास व्हायला दोन्हीकडे ३३ टक्के. गणित-विज्ञानाची पुस्तकंही दोन्हीकडे एनसीईआरटीचीच. खरी गंमत त्या २० आणि २५ मध्ये आहे.

सीबीएसईचे २० गुण चार ठिकाणी पाच-पाच वाटलेले असतात: नियतकालिक चाचण्या, वर्गातलं वेगवेगळ्या प्रकारचं मूल्यमापन, पोर्टफोलिओ आणि विषयाचे उपक्रम. चाचण्या तीन, त्यातल्या चांगल्या दोनांची सरासरी धरतात. आता माझ्याकडच्या एका मुलीचं प्रगतिपुस्तक बघा. गणिताच्या चाचण्यांत ४० पैकी १३ आणि १५. सरासरी १४, म्हणजे पाचापैकी पावणेदोन. बाकी तिन्ही ठिकाणी पाचापैकी पाच, कारण वही नीटनेटकी, चिकटवलेले तक्ते सुंदर आणि मुलगी शांत. बेरीज पावणेसतरा, पुस्तकात छापलं १७. आई खूश: "वीसपैकी सतरा!" आणि ह्या मुलीला बैजिक राशींचे अवयव पाडता येत नव्हते. दहावीत सीबीएसई लेखी आणि अंतर्गत मिळून ३३ धरतं, म्हणजे अशा १७ वर ८० पैकी १६ आणले तरी गणितात पास. नापास होण्याची भीती गेली हे चांगलंच, पण अकरावीत गणित घ्यायचं असेल तर तो १७ चा आकडा शुद्ध फसवा.

एमपी बोर्डाचे २५ गुणही शाळेच्याच हातात, आणि तिथेही प्रोजेक्टची फाइल जाड असली की हात सैल सुटतो. फरक एवढाच, की त्रैमासिक आणि अर्धवार्षिक परीक्षा तिथे अजून "परीक्षा" म्हणूनच घेतल्या जातात, आणि मुलगा घरी येऊन थेट सांगतो, "त्रैमासिकला ७५ पैकी २२." पाचाच्या मापात आटवलेला नसल्यामुळे हा आकडा आजोबांनाही समजतो. सासऱ्यांचा मुद्दा मला इथे पटतो.

पण मग पेपरचं काय? एमपी बोर्डाच्या पेपरात सुरुवातीलाच योग्य पर्याय, रिकाम्या जागा, जोड्या, सत्य-असत्य असा वस्तुनिष्ठ प्रश्नांचा मोठा गठ्ठा असतो. पाठांतर पक्कं असलेलं मूल तिथेच पुष्कळ गुण खिशात घालतं. सीबीएसईने दहावीच्या पेपरात क्षमताधारित प्रश्नांचा वाटा ५० टक्क्यांवर नेला आहे: उतारा देऊन, प्रसंग देऊन, "मग इथे काय कराल" असं विचारणारे. समजून लिहिणाऱ्याला तो न्याय देतो, घोकणाऱ्याला धडकी भरवतो. सूनबाईचा मुलगा सूत्र विसरतो, पण त्याच्यासमोर आकृती ठेवली की अर्ध्या मिनिटात वाट काढतो. त्याच्यासाठी ह्या एका मुद्द्यावर माझं मत सीबीएसईच्या बाजूला झुकलं.

श्रेणीबद्दल एक सांगून ठेवते, कारण इथे भलेभले गडबडतात. नववीच्या पुस्तकात बहुतेक शाळा ९१ ते १०० ला 'ए-वन' देतात. दहावीच्या सीबीएसई अंकसूचीत 'ए-वन' म्हणजे त्या विषयात पास झालेल्यांतला वरचा एक अष्टमांश. म्हणजे ती श्रेणी नुसत्या तुमच्या गुणांवर नाही, इतरांच्या गुणांवरही ठरते. नववीचा 'ए-वन' दहावीत 'ए-टू' झाला म्हणून पोराला धारेवर धरू नका. सीबीएसई प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी असलं काही देत नाही, गुणवत्ता यादीही लावत नाही. एमपी बोर्डात दोन्ही आहेत. (सीबीएसईत दहावीची बोर्डाची परीक्षा ऐच्छिक होती तेव्हाची सीजीपीए, म्हणजे टक्क्यांऐवजी दहापैकी मिळणारा सरासरी आकडा, आठवते? साडेनऊने गुणून टक्के काढत बसायचो. ते प्रकरण २०१८ ला संपलं, बरं झालं.)

दुसरी संधी आता दोन्हीकडे आहे. एमपी बोर्डाने २०२५ पासून पूरक परीक्षेऐवजी द्वितीय परीक्षा आणली. सीबीएसईने २०२६ पासून दहावीच्या दोन परीक्षा ठेवल्या: फेब्रुवारीतली पहिली सक्तीची, मेमधली दुसरी जास्तीत जास्त तीन विषयांत गुण सुधारायला. अंतर्गत गुण मात्र एकदाच दिले जातात. तेव्हा ह्या मुद्द्यावर निवड करू नका.

पैशाचा मुद्दा करा, तो लोक विसरतात. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत एमपी बोर्डाच्या मुलाला बारावीत ७० टक्के लागतात, सीबीएसईच्या मुलाला ८५. पुढची कॉलेजची फी सरकारने भरावी अशी घरची परिस्थिती असेल, तर हे १५ टक्के हलके नाहीत. तिच्या घरी तसा प्रश्न नाही, म्हणून मी जोर दिला नाही.

माझा कौल शेवटी बोर्डापेक्षा शाळेवर गेला. मी तिला म्हटलं, प्रवेशाआधी शाळेत जाऊन गेल्या वर्षीच्या नववीचं एखादं प्रगतिपुस्तक नाव झाकून दाखवायला सांग. चाचणीचे मूळ गुण त्यात वेगळे छापलेत, की पाचाच्या रकान्यात गडप झालेत ते बघ. आणि तपासलेले पेपर घरी पाठवतात का, हे विचार. शेरा "मेहनत घ्यावी" असेल तर तो प्रत्येकाच्याच पुस्तकात असतो, तो वाचू नको.

काल ती दोन शाळा फिरून आली. पहिलीत काउंटरवर उत्तर मिळालं, "पेपर पीटीएम में देख लीजिए, घर नहीं देते." पीटीएम, म्हणजे पालकसभा, कधी? अर्धवार्षिकनंतर, डिसेंबरात. दुसऱ्या शाळेत बाईंनी कपाटातून गठ्ठा काढून समोर ठेवला. प्रत्येक चाचणीचा पेपर आठवड्यात घरी, पालकांच्या सहीसह परत. लाल शाईत चूक कुठल्या पायरीवर झाली तेही लिहिलेलं. ती शाळा एमपी बोर्डाची निघाली. सासऱ्यांनी रात्री जेवताना दोनदा भात मागून घेतला म्हणे.